नरक्या, शी शू आणि औषधाची कसोटी

राधानगरी, गगनबावडा, भुदरगड आणि खाली आजरा-चंदगडपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याचा घाटमाथा पसरला आहे. त्या रानात जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या सावलीत एक बेताच्या उंचीचं झाड वाढतं. लांबून पाहिलं तर नजर ठरावी असं त्यात काहीच नाही. पावसाळ्यात त्याला पिवळसर पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात आणि त्यांना असा उग्र वास सुटतो की जवळून जाणारा नाकाला रुमाल लावतो. पुढे थंडीच्या सुमारास जांभळट काळी फळं धरतात. कुणी त्याला घाणेरा म्हणतं, कुणी नरक्या, तर कुणी अमृता. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जॉन ग्रॅहम याने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली, १८३९ साली तो वारला आणि उरलेलं काम निम्मो नावाच्या वनस्पतिप्रेमीने पुरं केलं. झाडाच्या नावात आहे तो हा निम्मो.

या नाकारल्या गेलेल्या झाडाच्या सालीत, खोडात आणि मुळांत कॅम्पटोथेसिन नावाचं एक द्रव्य असतं. आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांवर आज जगभर दिली जाणारी औषधं याच द्रव्यापासून तयार होतात. हे द्रव्य पहिल्यांदा सापडलं ते मात्र आपल्या झाडात नाही. ते सापडलं हजारो किलोमीटर लांबच्या, यांगत्से नदीच्या दक्षिणेकडे वाढणाऱ्या एका उंच चिनी वृक्षात. चीनमध्ये त्याला शी शू म्हणतात. दोन्ही झाडं वेगळ्या कुळांतली, पानं वेगळी, फळं वेगळी, आणि तरी दोघांनी घडवलेला रेणू तोच.

आज आपल्या शहरांत चिनी वनौषधींच्या गोळ्या, चहा, अर्क विकले जातात. ऑनलाइन तर घरबसल्या मिळतात. त्यांच्या शेजारी आपली देशी चूर्णं आणि काढे आहेतच. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही,’ हे वाक्य दोन्हींच्या बाबतीत सारखंच ऐकू येतं. ते कितपत खरं आहे, हे पाहायचं तर कोल्हापूरच्या नरक्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही, असं मला वाटतं. कारण चीनचं झाड, महाराष्ट्राचा माणूस आणि सह्याद्रीचं रान या तिन्हींची कहाणी त्यात एकत्र येते.

महाराष्ट्र आणि चीन यांचं वैद्यकीय नातं म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच रुग्णसेवा करताना वारले. ते नातं आपण जपलं, त्यांचं स्मारक उभारलं. पण खानदेशातल्या नंदुरबारमध्ये १९२५ साली जन्मलेल्या मनसुख वाणी यांचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याची खंत वाटते. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले, इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल या रसायनशास्त्रज्ञासोबत काम करू लागले.

वॉल यांच्याकडे शी शूचा धागा आधीच होता. १९५०च्या दशकात ते अमेरिकेच्या शेती खात्याच्या प्रयोगशाळेत होते आणि कॉर्टिझोन बनवायला उपयोगी पडतील अशी स्टेरॉइड द्रव्यं वनस्पतींत शोधत होते. त्यासाठी जमवलेल्या अर्कांपैकी बरेचसे राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासणीला गेले आणि त्यांतला एक अर्क उंदरांमधल्या गाठींवर जोरात काम करतो असं दिसलं. तो शी शूच्या पानांचा होता. झाड कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या सरकारी रोपवाटिकेत लावलेलं होतं. म्हणजे हा शोध चिनी वैद्यकाच्या पोथीवरून लागलेला नाही. चीनच्या लोकवैद्यकात या झाडाचा वापर होता असं सांगतात, पण त्याची खरी ताकद कळली ती अर्कांच्या त्या मोठ्या चाळणीतून. वाणी आणि वॉल यांनी लाकूड-सालीतून ते द्रव्य वेगळं केलं आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे १९७१ साली याच दोघांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडातून टॅक्सॉलची रचना उलगडली. एका माणसाच्या हातून कर्करोगावरच्या औषधांची दोन घराणी सुरू व्हावीत, हे विज्ञानाच्या इतिहासात क्वचित घडतं. वाणी २०२० साली वारले.

यानंतर कहाणी गोरेगावला येते. मुंबईच्या गोरेगावात सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं आणि टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक होते. त्यांनी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली नरक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा झाडाचं नाव मॅपिया फीटिडा असं होतं. त्यात कॅम्पटोथेसिन सापडलं, तेही शी शूच्या लाकडात होतं त्याहून कितीतरी जास्त. सुमारे ०.१ टक्के, म्हणजे हजार किलो वाळल्या लाकडामागे एक किलो. घाटातल्या एका दुर्लक्षित झाडाकडे साऱ्या जगाच्या औषध कंपन्यांचं लक्ष वळायला एवढं पुरेसं होतं. सह्याद्रीत हे द्रव्य देणारा नरक्या एकटाही नाही. नागलकुड्यात आणि ओफिओऱ्हायझा या लहान झुडपांच्या प्रजातीतही ते मिळालं आहे.

इथवरची गोष्ट ऐकून कुणालाही वाटेल की रामबाण औषध मिळालं, आता काय उरलं? उरलं होतं ते सगळ्यात अवघड काम.

१९७०च्या आसपास अमेरिकेत रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियमचा क्षार बनवून तो शिरेतून दिला गेला. काही रुग्णांच्या गाठी थोड्या आक्रसल्या, पण बाकीचा अनुभव भयंकर होता. रक्तपेशी घसरल्या, अनावर जुलाब झाले, आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७२च्या सुमारास चाचण्या थांबवाव्या लागल्या. कारण नंतर कळलं. क्षार बनवताना रेणूतलं एक कडं उघडतं आणि त्याची ताकद जाते. ते द्रव्य मूत्राशयात पोचलं, की तिथल्या आम्लात कडं पुन्हा मिटतं आणि द्रव्य नेमकं तिथेच जहाल होतं. गाठीवर दुबळं आणि मूत्राशयात विषारी, अशी उलटी गत झाली होती.

हे द्रव्य पेशीत नेमकं करतं काय, हे उमजायला १९८५ उजाडावं लागलं. पेशी दुभंगण्याआधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. डीएनए म्हणजे दोन पदरांचा पिळलेला कासरा. एका टोकाने पदर सुटे करायला गेलं की पुढचा पीळ घट्ट होत जातो. हा पीळ सैल करायला पेशीत टोपोआयसोमरेज नावाचं विकर असतं. ते एक पदर कापतं, पीळ सुटू देतं आणि पदर पुन्हा जोडून टाकतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं आणि जोडणी होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा धावत येते, त्या तुटक्या जागी आदळते, दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. ज्या पेशी भराभर दुभंगतात त्यांच्यावर हा घाव जास्त बसतो. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण हाडांतला मगज, आतड्याचं अस्तर आणि केसांची मुळंही तशीच. म्हणून गुण आणि अपाय या द्रव्यात एकाच क्रियेतून येतात. त्यांना चाळून वेगळं करता येत नाही. मात्रेने, रेणूतल्या बदलाने आणि देण्याच्या पद्धतीने त्यांच्यातलं अंतर वाढवता येतं, एवढंच.

ते अंतर रसायनशास्त्रज्ञांनी वाढवलं. रेणूला थोडे फाटे जोडून पाण्यात विरघळणारी औषधं बनवली. जपानच्या याकुल्त होन्शा या कंपनीने इरिनोटेकॅन विकसित केलं. याकुल्त म्हणजे आपल्याकडे छोट्या बाटलीतलं आंबवलेलं दूध विकणारी तीच कंपनी. १९९४ साली जपानमध्ये आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी टोपोटेकॅनही मान्य झालं. चीनमध्ये या द्रव्याचा भाऊबंद, हायड्रॉक्सीकॅम्पटोथेसिन, वापरात आहे. आणि गेल्या काही वर्षांत तर याच घराण्यातले रेणू प्रतिपिंडाला बांधून थेट गाठीपर्यंत पोचवले जातात. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन हे २०१९ साली अमेरिकेत मान्य झालेलं औषध त्याच जातीचं आहे. १९६६ची रचना आणि २०१९चं औषध यांच्यामध्ये ५३ वर्षं गेली.

इथे मला त्या झाडाबद्दलची एक अद्भुत गोष्ट सांगावीशी वाटते. पीळ सोडणारं ते विकर झाडाच्या पेशीतही असतं, कारण झाडालाही वाढायचं असतं. मग स्वतःच्याच विषाने झाड मरत कसं नाही? जपानी संशोधकांनी २००८ साली याचं उत्तर प्रसिद्ध केलं. शी शू आणि ओफिओऱ्हायझा या झाडांनी आपल्या विकरातला एक अमिनो आम्लाचा दाणा बदलून घेतला आहे. मानवी विकराच्या मोजणीने ७२२व्या जागी अ‍ॅस्परॅजिनऐवजी तिथे सेरिन आहे. एवढ्या बदलाने कॅम्पटोथेसिन तिथे नीट बसत नाही. थक्क करणारी बाब अशी की प्रयोगशाळेत ज्या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशी या औषधाला दाद देईनाशा झाल्या होत्या, त्यांच्यातही नेमका तोच बदल सापडला होता. झाडाने लाखो वर्षांत जी ढाल घडवली, ती कर्करोगाच्या पेशीने प्रयोगशाळेच्या बशीत काही महिन्यांत घडवली.

झाडाला जे विष पचवायला स्वतःचं विकर बदलावं लागलं, ते आपण सालीचा काढा करून पचवू अशी आशा धरणं किती धोक्याचं आहे, हे यावरून कळावं. नरक्याच्या सालीत द्रव्य किती असेल ते झाडाच्या वयावर, जागेवर, भागावर आणि हंगामावर अवलंबून असतं. दोन झाडांत मोठा फरक पडतो. याउलट इस्पितळात इरिनोटेकॅन देताना रुग्णाच्या शरीराचा पृष्ठभाग मोजतात आणि दर चौरस मीटरमागे, समजा, १८० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, असा हिशोब धरतात. दर वेळी रक्त तपासतात. काही माणसांच्या यकृतात या औषधाचा निचरा करणारं विकर जन्मतःच मंद असतं. त्यांना नेहमीची मात्राही जड जाते, म्हणून ती कमी करावी लागते. एवढं तोलून-मापून दिलं तरी हे औषध जुलाब आणि रक्तपेशींची घसरण करतंच. चिमटीने मोजलेल्या चूर्णात हा हिशोब कोण करणार?

पारंपरिक औषधावर मी सरसकट अविश्वास दाखवत नाही. परंपरेने दिलेली खूण खरी ठरल्याची मोठी उदाहरणं आहेत. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हे त्यातलं सर्वांत मोठं. थू यूयू या चिनी संशोधिकेच्या गटाने १९६७ साली सुरू झालेल्या सरकारी मोहिमेत २००० हून अधिक चिनी नुस्खे चाळले. छिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी गुण देई, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या पुस्तकात त्यांना दिसलं की तो पाला उकळायला सांगितलेलाच नाही, पाण्यात भिजवून पिळायला सांगितला आहे. उष्णतेने गुण जात असावा हे ओळखून त्यांनी ईथरने कमी तापमानाला अर्क काढला, आणि तो लागू पडला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण इतर शेकडो नुस्खे त्याच चाळणीतून गळून पडले, हेही त्या कहाणीतच आहे. शिवाय जागतिक आरोग्य संघटना आजही या वनस्पतीचा चहा हिवतापावर घेऊ नका असंच सांगते, कारण पानांतलं प्रमाण दर वेळी वेगळं असतं आणि अपुऱ्या मात्रेने जंतू निबर होतात.

परंपरेच्या अनुभवाला एक मर्यादा आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. एखाद्या काढ्याने ओकारी झाली, चक्कर आली, तर वैद्याला ते लगेच दिसतं आणि पिढ्यान्‌पिढ्या ती शिकवण पुढे जाते. पण पाल्यामुळे दहा-वीस वर्षांनी मूत्रपिंड निकामी झालं किंवा कर्करोग झाला, तर त्याचा संबंध कुणी लावायचा? हे ब्रुसेल्समध्ये घडलं. तिथल्या एका वजन उतरवण्याच्या केंद्रात १९९० पासून चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात होत्या. पुढे पन्नाशीच्या आतल्या बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने बिघडू लागली. तपासात कळलं की हान फांग जी या वनस्पतीच्या जागी ग्वांग फांग जी वापरली गेली होती. नावं जवळजवळ सारखी, झाडं वेगळी. दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं आणि ते मूत्रपिंडाच्या पेशींच्या डीएनएला जाऊन चिकटतं, तिथे वर्षानुवर्षं राहतं. बाधितांची संख्या शंभराच्या वर गेली. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निकामी मूत्रपिंडं काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे आम्ल असलेल्या वनस्पतींना मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. अनेक देशांनी त्यांच्यावर बंदी घातली.

हे परदेशातलं प्रकरण आहे असं समजून सोडून देता येत नाही. त्याच कुळातली सापसंद, म्हणजे ईश्वरी, आपल्याकडच्या रानांतली वेल आहे. सर्पदंशावर, तापावर तिचं मूळ वापरण्याचा प्रघात जुना आहे. तिच्यातही अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. घाटात उडणारं सह्याद्री बर्डविंग हे भलंमोठं पिवळं-काळं फुलपाखरू आपली अंडी याच कुळातल्या वेलींवर घालतं. सुरवंट ती पानं खातात, विष अंगात साठवतात, आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. माणसाच्या मूत्रपिंडाला असली सोय नाही. सर्पदंशाला तर प्रतिसर्पविषाखेरीज दुसरा इलाज नाही. मूळ उगाळत बसण्यात जो वेळ जातो तोच जीव घेतो.

ओळखीचा घोटाळा घराच्या अंगणातही होतो. कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेल प्यायली गेली. २०२०च्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली आणि ती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल निर्धोक आहे, पण तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल घातक ठरू शकते. वाद कुणाचाही बरोबर धरा. वेलीचा तुकडा पाहून घरच्या माणसाला फरक सांगता येत नाही, ही गोष्ट दोन्ही बाजू मान्य करतात.

तिसरा धोका भेसळीचा. अमेरिकेत पीसी-स्पेस नावाचं औषध पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर विकलं जाई. त्यात आठ वनस्पती, बहुतेक चिनी. गुण खरोखर येत होता, म्हणून डॉक्टरही चकित होते. मग तपासणीत त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि वेदनाशामक इंडोमेथासिन सापडलं. २००२ साली ते बाजारातून काढून घेण्यात आलं. ‘आमच्या नात्यातल्या माणसाला गुण आला,’ हा पुरावा एवढ्याचसाठी अपुरा पडतो. गुण आला हे खरं असतं. तो कशाने आला, हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

आता पुन्हा नरक्याच्या औषधाकडे वळू, कारण वनौषधी आणि आधुनिक औषध यांची गाठ कशी पडते याची दोन्ही टोकं त्यात दिसतात. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी युरोपी वनस्पती. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००२ साली इरिनोटेकॅन घेणाऱ्या रुग्णांना ती दिली आणि रक्तातलं औषधाचं सक्रिय रूप मोजलं. ते ४२ टक्क्यांनी घटलं होतं. रुग्ण अवघे ५, पण परिणाम स्पष्ट होता. वनस्पतीने यकृताला औषध लवकर मोडायला लावलं. रुग्णाला वाटावं मी आणखी एक चांगली गोष्ट घेतो आहे, आणि प्रत्यक्षात मुख्य औषधाचा घाव बोथट व्हावा, अशी ही गत.

याच औषधाच्या बाबतीत उलट दिशेचा शोधही मोठा आशादायी आहे. इरिनोटेकॅनचा जुलाब का होतो? यकृत त्याच्या सक्रिय रूपाला साखरेसारखा एक तुकडा जोडून निष्प्रभ करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले जिवाणू तो तुकडा तोडतात आणि औषध पुन्हा जागं होऊन आतड्याचं अस्तर जाळतं. हुआंग छिन थांग हा सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा चिनी काढा नेमका जुलाबावरच सांगितलेला आहे. त्यात स्क्युटेलेरियाचं मूळ, पिओनी, ज्येष्ठमध आणि चिनी बोर एवढीच द्रव्यं. येल विद्यापीठातल्या युंग-ची चेंग यांच्या गटाने त्याचं प्रमाणित रूप बनवलं आणि २०१० साली दाखवलं की उंदरांमध्ये ते इरिनोटेकॅनने जळलेलं आतडं सावरायला मदत करतं. त्यांनी सर्वाधिक कष्ट घेतले ते दर घाणा रासायनिकदृष्ट्या आधीच्या घाण्यासारखाच उतरावा यासाठी. माणसांवरचं काम अजून मान्यतेपर्यंत पोचलेलं नाही. पण जुन्या काढ्याला सन्मान द्यायचा तर तो असा द्यावा, असं मी मनापासून म्हणतो. ज्येष्ठमध आणि बोर आपल्याही घरात आहेत. आपल्या काढ्यांची अशी परीक्षा का होऊ नये?

आणि झाडाचं काय झालं? बाजारात मिळणारं इरिनोटेकॅन आजही बहुतांशी झाडातून काढलेल्या कॅम्पटोथेसिनपासूनच बनतं. मागणी वाढली आणि सह्याद्रीतला नरक्या तोडला जाऊ लागला, मुळासकट. साल आणि मुळं काढली की झाड उरतच नाही. चंदगड, आजरा, राधानगरी आणि शेजारच्या सिंधुदुर्गात नरक्याची तस्करी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. २०१२ साली राधानगरी अभयारण्य पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं, पण घाटमाथ्यावरची सगळी राई अभयारण्यात नाही. बरीच मालकीच्या जमिनीवर आहे. तोडणाऱ्याच्या हाती किलोमागे मिळणारे पैसे आणि कारखान्यात होणारी किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि गुन्हा मात्र तोडणाऱ्याच्या नावावर नोंदतो.

पर्यायांवर काम चालू आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००१ पासून नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून त्यांतून द्रव्य मिळवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी आणखी एक नवल दाखवलं. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही कॅम्पटोथेसिन बनवते. ती मोठ्या प्रमाणावर वाढवणं जमलं तर झाडाच्या सालीला हात लावायची गरज उरणार नाही. तूर्त तेवढं उत्पन्न बुरशीकडून मिळत नाही. म्हणून लागवड हाच आज हाताशी असलेला खरा मार्ग आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींची नोंद शिवाजी विद्यापीठाच्या एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांनी २००२ साली ग्रंथरूपाने केली आहे. कुठलं झाड कुठे आहे हे ज्या जिल्ह्याला इतकं नीट माहीत आहे, त्याने नरक्याची रोपवाटिका आणि बांधावरची लागवड शेतकऱ्यांच्या सहभागाने उभी करावी, यात अशक्य काही नाही. पैसा डोंगरातल्या माणसाला मिळेल आणि रानातली झाडं वाचतील.

घरात कुणाचा कर्करोगाचा उपचार चालू असेल, तर घेत असलेली प्रत्येक पुडी, गोळी, चहा, काढा, चिनी असो की देशी, डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. लपवू नका, लाजू नका. रागावणारा डॉक्टर परवडला, अंधारात राहिलेला परवडत नाही. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४च्या औषधे व जादुटोणादी उपाय कायद्याने गुन्हा आहे. तशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा. आयुष औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची राष्ट्रीय यंत्रणा २०१८ पासून आहे, आयुर्वेद महाविद्यालयांत तिची केंद्रं आहेत; अपाय झाला तर तिथे नोंद करा, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल. आणि घाटात फिरायला गेलात, कुणी नरक्याची साल काढून दिली, तर ती घेऊ नका. वनखात्याला १९२६ क्रमांकावर कळवा.